सांध्याच्या लाकडी माशाची शेपटी पाण्यात का हलत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: दोन तुकडे आयस्क्रूने (डोक्याला कडी असलेल्या स्क्रूने) जोडून गळाला आमिष म्हणून लाकडी मासा बनवला, पण ओढताना तो काठीसारखा सरळ येतो आणि थांबवला की आडवा पडतो. हे दोन वेगळे दोष आहेत.

शेपटीचं आधी बघा. बहुतेक वेळा सांध्यात हलायला जागाच उरलेली नसते. दोन्ही तुकड्यांची तोंडं सपाट असतील तर कडा एकमेकींना अडतात. मागच्या तुकड्याचं तोंड दोन्ही बाजूंनी तासून मधे उभी धार ठेवा. शेपटी किती वळणार हे त्या उतारावरच ठरतं. रंगाचा हिशेबही आधीच धरायचा. कोरा असताना सैल वाटणारा सांधा इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या राळेचे) दोन-तीन हात बसले की आवळतो, म्हणून मी कोऱ्या लाकडात २-३ मिलिमीटर फट ठेवतो.

एकात एक अडकवलेल्या कड्यांपेक्षा मला तारेचा सांधा जास्त पसंत आहे. पुढच्या तुकड्यात एकाखाली एक दोन आयस्क्रू, कडी आडवी राहील असे. मागच्या तुकड्यात त्यांच्यासाठी खाचा. आणि वरून खाली दोन्ही कड्यांतून जाणारी स्टेनलेस स्टीलची तार. शेपटी फक्त डावी-उजवी जाते, पिळत नाही. तारेचं भोक मात्र ठोकळा चौकोनी असतानाच पाडा. अंग गोल केल्यावर ड्रिल सरकतं, भोक तिरकं जातं आणि शेपटी कायमची कलते.

आडवं पडणं हा वजनाचा प्रश्न. शिसं पोटात, जितकं खाली बसेल तितकं चांगलं. पोटाला भोक पाडण्याआधी शिशाची तार बाहेरून चिकटपट्टीने लावून मासा बादलीत सोडून बघा, पण गळ आणि ते अडकवायच्या रिंगा लावूनच, कारण त्यांचंही वजन खालीच ओढतं. बाल्सा फार हलकं, त्याला शिसं जास्त लागतं आणि आयस्क्रूही त्यात घट्ट बसत नाही. शिकताना पाइन किंवा सीडर बरं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

तुमचा मासा टाकून देऊ नका. सांधा खोला, तोंड तासा आणि तुकडे सुटे असतानाच तासलेल्या भागात, कड्यांच्या भोकांत पातळ इपॉक्सी मुरवा. तिथे लाकडाचे तंतू उघडे पडतात, पाणी तिथूनच शिरतं, लाकूड फुगतं आणि वरचा रंग तडकतो. इपॉक्सी पूर्ण वाळल्यावरच पुन्हा जोडा.