गाडी-गप्पा : हिटर बंद आहे तरी डिझेलचा वास येतो

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरात राहतो. मी आणि मेव्हण्याने मिळून एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि तिची मोटरहोम केली, म्हणजे मागे बेड, छोटं किचन, छतावर एक्झॉस्ट फॅन, आणि पुढच्या बाकाखाली डिझेलवर चालणारा एअर हिटर, तोच ऑनलाइन मिळतो तो चायनीज किट. त्याची 10 लिटरची प्लास्टिकची टाकीपण त्याच बाकाखाली बसवली कारण खाली चेसिसला जागाच नव्हती. डिसेंबरात पचमढीला नेली, हिटर एकदम झकास चालला पण गाडीत डिझेलचा वास. आधी वाटलं भरताना सांडलं असेल म्हणून पुसून घेतलं, पण वास काही जाईना. आता गाडी नुसती दारात उभी असते तरी दार उघडलं की भपकारा येतो आणि हिटर लावला की अजूनच वाढतो. पचमढीला सासूबाईंचं डोकंही दुखत होतं. मेकॅनिकने सायलेन्सर बघितला आणि म्हणाला सब बराबर है भिया. बायको म्हणते वास गेल्याशिवाय मी मनालीला येत नाही. हिटर काढून नवीन टाकू का?

उत्तर : हिटर काढू नका, पण वहिनींचं ऐका. आणि सर्वात आधी सासूबाईंच्या डोकेदुखीचं बघू. डिझेलच्या वासाने डोकं दुखतं हे खरं, पण कार्बन मोनॉक्साइडनेही दुखतं, आणि त्याला तर वासच नसतो, म्हणजे नाकाच्या भरवशावर राहण्यात काही अर्थ नाही. त्यामुळे बाकीचं काहीही करायच्या आधी एक कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणा, त्यावर ईएन 50291-2 लिहिलेलं बघून घ्या, तो नंबर खास कॅराव्हॅन आणि बोटींसाठीच्या अलार्मचा आहे, आणि तुम्ही जिथे झोपता तिथे, साधारण उशीच्या उंचीवर लावा. तोपर्यंत हिटर लावून कुणी झोपायचं नाही, अगदी मेव्हणासुद्धा नाही.

आता वास. लोक नुसतं "डिझेलचा वास" म्हणतात पण त्यात दोन वेगळे वास असतात. एक कच्च्या डिझेलचा, पेट्रोल पंपावर हाताला लागतो तो, तेलकट. दुसरा जळलेल्या डिझेलचा, जुन्या बसच्या मागे उभं राहिल्यावर येतो तो, डोळ्यांना झोंबणारा. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे की गाडी उभी असताना, हिटर बंद असतानाही वास येतो. म्हणजे हा कच्चा वास, धुराशी याचा संबंध नाही, आणि मेकॅनिकने सायलेन्सर बघितला तो बरोबर असेलही, पण बघायची जागा ती नव्हतीच.

या हिटरची रचना आपल्या जुन्या तांब्याच्या बंबासारखी असते, आत नळीत विस्तव आणि बाहेरून पाणी, दोघांची कधी गाठ पडत नाही. इथे पाण्याच्या जागी हवा, एवढंच. जळायला लागणारी हवा गाडीच्या खालून येते आणि धूर खालीच जातो, आणि पंखा गाडीच्या आतली हवा ओढून गरम खोक्यावरून फिरवून परत आत सोडतो. आता तुम्हीच सांगा, हा पंखा हवा कुठून ओढतोय? बाकाखालून. आणि टाकी कुठे आहे? बाकाखाली. टाकीच्या झाकणातून जरी थोडी वाफ सुटली तरी हिटर ती उचलून गरम करून तुमच्या बेडपर्यंत पोचवणार, म्हणून हिटर लावला की वास वाढतो. यात हिटरचा काहीच दोष नाही, तो बिचारा वास वाटायचं काम करतोय फक्त.

तुमच्याकडे तेल थोडं तरी बाहेर येत असणारच. ते डोळ्यांना दिसत नाही याचं कारण टाकीतून हिटरला डिझेल देणारा पंप बघा, तो टिक टिक करतो ना, एका टिकला साधारण 0.02 मिली डिझेल सोडतो, म्हणजे अर्ध्या थेंबापेक्षाही कमी, आणि सगळा हिटर तासाला पाव-अर्धा लिटर पितो. त्यातलं किंचित झिरपलं तर खाली थारोळं साचत नाही, ते पाइपच्या अंगाने सरकत जातं आणि प्लायमध्ये मुरतं. म्हणून हात फिरवून काही कळत नाही, हाताला आधीच वास लागलेला असतो. त्यापेक्षा असं करा, सगळे जॉइंट कपड्याने कोरडे पुसा, मग प्रत्येकावर पांढऱ्या टिश्यूची पट्टी गुंडाळा, टाकीखाली आणि पंपाखाली पांढरा पुठ्ठा सरकवा, हिटर तासभर चालवा, गाडी रात्रभर तशीच राहू द्या आणि सकाळी बघा. जिथे टिश्यू पारदर्शक झाला तो जॉइंट. पुठ्ठ्यावर डाग दिसला तर डागाच्या वर बघा आणि तिथे नसेल तर पाइपवरून चढाच्या बाजूला बघत जा, कारण थेंब उताराने येऊन सगळ्यात खालच्या जागी लोंबतो.

मला विचाराल तर माझा पहिला संशय टाकीच्या बुडाच्या नटावर. या किटच्या टाकीला खालून भोक पाडून नट बसवतात आणि त्यातला वॉशर तसा यथातथाच असतो, गाडी खड्ड्यांतून गेली की ढिला होतो. दुसरा संशय पातळ पाइपच्या रबरी जोडांवर. पाइपची टोकं पक्कडीने कापली असतील तर तिरकी होतात, ब्लेडने सरळ कापा आणि दोन्ही टोकं रबराच्या आत एकमेकांना टेकतील अशी घाला, मध्ये पोकळी राहिली तर तिथे हवेचा बुडबुडा अडकतो आणि हिटर आचके देतो. क्लिप मोठी, स्क्रूवाली लावू नका, इतक्या बारीक पाइपवर ती गोल आवळत नाही, एका बाजूने चावते आणि दुसऱ्या बाजूने गळते. इंधनाच्या बारीक पाइपसाठीच्या छोट्या क्लिप मिळतात, सियागंजात किंवा ट्रान्सपोर्ट नगरला विचारा. रबरही डिझेलचंच मागा, पाण्याचा पाइप चार दिवस टिकतो आणि मग फुगून मऊ पडतो. एक खूण लक्षात ठेवा, पंपाच्या पुढचा, म्हणजे हिटरकडचा जॉइंट सैल असला तर डिझेल बाहेर येतं, आणि पंपाच्या मागचा, म्हणजे टाकीकडचा सैल असला तर पंप हवा ओढतो, तिथे वास कमी पण हिटर पेटायला कुरकुर करतो.

गळती सापडली तरी माझं मत बदलणार नाही, टाकी आत ठेवायची नाही. जागा नाही हे मला पटत नाही, मागच्या दाराला बाहेरून ब्रॅकेट मारा, किंवा गाडीच्याच टाकीला वेगळी नळी बसवून घ्या. अगदीच आत ठेवायची असेल तर बंद डब्यात ठेवा, त्या डब्याला खालून बाहेर उघडणारं छिद्र ठेवा, आणि हिटरची हवा ओढायची जाळी त्या कप्प्याच्या बाहेर, गाडीच्या आत आणा. हे शेवटचं तर आजच करा.

छतावरच्या फॅनचंही बघा. तो चालू आणि खिडक्या सगळ्या बंद असल्या की गाडी जमिनीतल्या फटींतून हवा खेचते, आणि हिटरच्या पायाखालची गॅस्केट नीट बसली नसेल तर तिथून खालचा धूरही आत येऊ शकतो. हिटर बंद ठेवून फॅन लावा, खिडक्या लावून घ्या आणि टिश्यूची बारीक पट्टी हिटरच्या पायाशी धरा, हलली की फट सापडली. अगरबत्तीच्या धुराने छान दिसतं पण डिझेल गळत असलेल्या कप्प्यात मी ते करणार नाही आणि तुम्हीही करू नका. बाहेर धुराच्या नळीचं तोंड खिडकीखाली किंवा सरकत्या दाराखाली नको, आणि तिचा कुठलाही जोड गाडीच्या आत तर अजिबात नको.

दुरुस्ती झाल्यावर लगेच वास जाईल अशी आशा ठेवू नका. डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही. प्लाय भिजला असेल तर तेवढा तुकडा कापून बदला, खाली उष्णता अडवायला फोम भरला असेल तर तोही. बाकी पत्रा भांड्यांच्या साबणाने धुवून काढा, भुसा टाकून ठेवा, दारं उघडी ठेवा. मधल्या काळात नाकावर नाही, टिश्यूवर विश्वास ठेवा, तो कोरडा निघाला की गळती बंद झाली, मग वहिनींना सांगायला हरकत नाही.

प्रश्न : आमचाही असाच हिटर आहे, इकडे महूला छान चालतो. ऑक्टोबरच्या शेवटी लेहला गेलो तर काळा धूर, जळका वास आणि मग बंदच पडला. बिघडला का?

उत्तर : बिघडला नाही, त्याला हवा कमी पडली. लेह साधारण 3500 मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. पंप मात्र टिकमागे तेवढंच डिझेल देतो, मग ते अर्धवट जळतं, काजळी धरते आणि आतली जाळी चोंदते. बऱ्याच किटमध्ये पंपाचा वेग कमी करायची सेटिंग असते, काहींत उंचीसाठी वेगळा मोडच असतो, तो चढ लागायच्या आधी लावा आणि खाली आल्यावर परत बदला. वर असताना रात्रभर मंद आचेवर ठेवू नका, अधूनमधून अर्धा तास फुल्लवर चालवा म्हणजे काजळी जळून जाते. आणि बंद करताना बॅटरीचा स्विच थेट पाडू नका, बटणाने बंद करून पंखा आपोआप थांबेपर्यंत थांबा, नाहीतर आतलं उरलेलं डिझेल तिथेच राहतं आणि पुढच्या वेळी पांढरा धूर काढतं.

आता एकदा उघडून चेंबर आणि जाळी साफ करून घ्या, गॅस्केट मात्र नवीच बसवा, जुनी परत बसवली की धुराचा वास गाडीत आलाच म्हणून समजा. आणि अजून एक. लडाखसाठी इंडियन ऑइलचं उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल 2019 पासून आहे, गाडीच्या टाकीत ते वाटेत आपोआप भरलं जातं, पण हिटरच्या छोट्या टाकीत महूचंच डिझेल शिल्लक असतं. वर पोचायच्या आधी ती रिकामी करून वाटेतच हे डिझेल भरा.