कॅम्परव्हॅनमधला डिझेल हीटर कधी पेटतो, कधी विझतो: दोष कसा शोधावा?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा, की इंजिन चालू असताना हीटर पहिल्याच प्रयत्नात पेटतो, पण रात्री गाडी उभी असताना पांढरा धूर सोडून बंद पडतो. कधी पेटलाच, तर तास-दोन तासांनी मध्येच विझतो. आणि मेकॅनिकने ग्लो प्लगसह (विजेने तापून डिझेल पेटवणारी कांडी) कंट्रोल युनिटही बदलण्यास सांगितले आहे. माझ्या मते एवढ्यात एकही सुटा भाग विकत घेऊ नये. हे हीटर मी अनेक वर्षे बसवत आणि दुरुस्त करत आलो आहे. कधी चालतो आणि कधी चालत नाही, अशी तक्रार असली की दोष बहुधा हीटरच्या आत नसतो. त्याला मिळणारी वीज, डिझेल किंवा हवा यांपैकी काहीतरी कमी पडत असते.

इंजिन चालू असताना हीटर पेटतो, ही आपण दिलेली सर्वांत मोलाची माहिती आहे. त्या वेळी अल्टरनेटरमुळे विजेचा दाब १४ व्होल्टच्या आसपास असतो, तर गाडी उभी असताना बॅटरी साडेबारा व्होल्ट किंवा त्याहूनही कमी देते. पेटताना पहिली काही मिनिटे ग्लो प्लग सुमारे ८ ते १० अँपिअर प्रवाह ओढतो, आणि त्याच वेळी बारीक वायर, सैल लग (वायरीच्या टोकाची धातूची जोडपट्टी) किंवा गंजलेले अर्थिंग यांचा अडथळा उघडा पडतो. बॅटरी पाच मीटर दूर असून वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर जाण्यायेण्याच्या दहा मीटरमध्ये १० अँपिअरला एक व्होल्टहून थोडा अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत हेच नुकसान अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते. शिवाय ग्लो प्लगची उष्णता ढोबळमानाने दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे, दाब दहा टक्के घटला की उष्णता जवळपास एकोणीस टक्के घटते. डिझेल आत येते, पण ते पेटण्याइतका प्लग तापत नाही, आणि न जळलेले डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. उलट, हीटरला डिझेल पुरवणाऱ्या पंपाची टकटक ऐकू येत असूनही धूर मुळीच दिसला नसता, तर मी आधी डिझेलच्या नळीकडे वळलो असतो.

म्हणून मल्टिमीटर घेऊन हीटर पेटत असतानाच मोजमाप करावे; स्वस्थ पडलेल्या बॅटरीचे माप येथे उपयोगाचे नाही. एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा हीटरच्या कनेक्टरपाशी असे दोन आकडे घ्यावेत. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून अधिक तफावत असेल, तर दोष वायरीत, फ्यूजच्या खोबणीत किंवा जोडणीत आहे. दोन्ही आकडे सारखेच खाली येत असतील, तर बॅटरीच थकलेली आहे. बहुतेक हीटर साडेदहा व्होल्टच्या आसपास दाब आला की स्वतःहून बंद होतात. फ्यूजची खोबण हाताला गरम लागते का, हे आवर्जून पाहावे. संचासोबत येणाऱ्या स्वस्त खोबणींनी मला जेवढा त्रास दिला, तेवढा ग्लो प्लगने कधीच दिलेला नाही.

तास-दोन तास चालून विझणे ही मात्र वेगळी तक्रार आहे, आणि तिचे मूळ बहुधा डिझेलमध्ये शिरणाऱ्या हवेत असते. हा पंप प्रत्येक ठोक्याला अगदी थोडे डिझेल मोजून पुढे ढकलतो, त्यामुळे नळीत लांब बुडबुडा आला की तेवढा वेळ ज्योतीला काहीच मिळत नाही. पंप आडवा न बसवता बाहेर जाणारे तोंड वर राहील असा तिरका बसवावा, म्हणजे हवा आत साचून राहत नाही. तो टाकीच्या जवळ असावा, कारण असे पंप ओढण्यापेक्षा ढकलण्याचे काम अधिक चांगले करतात. नळी सुमारे दोन मिलिमीटर पोकळीची आणि कडक असावी. संचातली मऊ, रुंद नळी बुडबुडे साठवते. रबरी जोडाच्या आत दोन्ही नळ्यांची टोके एकमेकांना टेकलेली हवीत, नाहीतर मधल्या फटीत हवा जमते. नळी पारदर्शक असेल, तर टॉर्च लावून पाच मिनिटे निरखून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे. विझण्याच्या वेळी टाकीत डिझेल किती होते, हेही नोंदवावे. हीटरने टाकी पूर्ण रिकामी करू नये म्हणून त्याची ओढनळी पुष्कळदा मुद्दाम आखूड ठेवलेली असते.

काजळीचा प्रश्न त्यानंतरचा. हीटर सतत मंद आचेवर चालवला की बर्नरमध्ये आणि ग्लो प्लगभोवतीच्या जाळीवर काजळी साचते. अधूनमधून अर्धा तास पूर्ण आचेवर चालवल्यास ती बरीच जळून जाते. उंच प्रदेशात ती लवकर धरते, कारण ३,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशच उरते आणि तेवढ्याच डिझेलला प्राणवायू अपुरा पडतो. धूर काळा असेल, तर रोख येथेच ठेवावा.

एका गोष्टीबाबत मात्र मी आपल्याला कळकळीने सावध करतो. हीटर पेटत नाही म्हणून पुन्हापुन्हा बटण दाबू नये. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचे डिझेल बर्नरमध्ये साठते आणि शेवटी पेटते तेव्हा ते एकदम भडकते. बंद करतानाही मुख्य वीज तोडू नये, पंखा स्वतःहून थांबेपर्यंत वाट पाहावी. एक्झॉस्टचा प्रत्येक जोड घट्ट आहे, त्याचे तोंड गाडीच्या तळाबाहेर उघडते आणि ज्वलनाची हवा घेणाऱ्या नळीपासून दूर आहे, याची खात्री करून घ्यावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून झोपण्याच्या जागेत त्याचा अलार्म असल्याशिवाय रात्री हा हीटर चालवू नये, मग तो कितीही निर्दोष वाटो.

वीज आणि डिझेल दोन्ही ठीक ठरले, तरच बर्नर उघडावा, आणि उघडलाच तर जुना गॅस्केट परत न वापरता जाळीसह नवा घालावा. कनेक्टरपाशी पेटताना किती व्होल्ट मिळतात आणि नळीत बुडबुडे दिसतात का, एवढे कळवल्यास पुढची पायरी मी निश्चित सांगू शकेन.