काकांचा हात कीबोर्डवर

प्रश्न: नौपाड्यातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात सॉफ्टवेअरच्या अडचणी मी सोडवते. साठीचे ड्राफ्ट्समन काका रेव्हिटला, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरला, हात लावत नाहीत, नवी मुलं हसतात. काय करू?

उत्तर: आधी मुलांना आवरा. काका ऑटोकॅडवर, म्हणजे रेघा ओढून नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर, डाव्या हाताने कमांड टाइप करत घडले. रेव्हिटमधला बटणांचा पसारा पाहून बिचकणारच. रेव्हिटमध्ये ‘केएस’ टाइप केलं की शॉर्टकटची यादी उघडते, तिथे त्यांच्या सवयीची अक्षरं भरा. ट्रिमचं ‘टीआर’, कॉपीचं ‘सीओ’ तर आधीपासून तेच आहे. रेघेऐवजी भिंत काढायची, हे मात्र सावकाश. सुरुवात एखाद्या टॉयलेट ब्लॉकवर करा, महापालिकेत उद्या द्यायच्या नकाशावर नको. मुलांना काकांकडे लाइनवेट, म्हणजे रेघांची जाडी, शिकायला बसवा. मुलांच्या प्रिंटमध्ये भिंत आणि फरशी एकाच जाडीची दिसते, ते कोण सांगणार?