दंड जाड की बाही अरुंद?

“सकाळी चार कुर्ते घालून काढते, पाचवा तसाच अंगावर ठेवून निघते आणि दिवसभर ओढणी पुढे घेत बसते. मॅडम, मला आता काहीच शोभत नाही.”

समुपदेशनाच्या खोलीत ही तक्रार वरचेवर येते. बाळंतपणानंतर नोकरीवर परतलेल्या, ऑपरेशनमधून उठलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या अनेकजणी थोड्याफार फरकाने हेच सांगतात. पुढची हकिकत अशा तीन-चार जणींची मिळून एक केलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

ताई ४३ वर्षांच्या. घर नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात, जाणं-येणं स्कूटीवर. दीड वर्षापूर्वी गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर वजन नऊ किलोंनी वाढलं. घरात कुणी छळणारं नव्हतं. जाऊबाई म्हणायच्या, “आता साडीच नेसत जा, पोट झाकतं.” मिस्टर म्हणायचे, “काहीही घाल, छानच दिसतेस.” ताईंना दोन्ही वाक्यं सारखीच लागायची. दुसऱ्याचा अर्थ त्यांनी ‘हे बघतसुद्धा नाहीत’ असा लावला होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. दोन महिन्यांवर भाच्याचं लग्न आलं होतं. तिथे न जाण्यासाठी त्यांनी निमित्तही शोधून ठेवलं होतं: ऑफिसात ऑडिट आहे.

पहिल्या भेटीत कपड्यांबद्दल एकही सल्ला दिला नाही. इथे घाई केली की गाडी घसरते. “गडद रंग घाला, उभ्या रेघा घाला” असं म्हटलं की समोरच्या बाईला एवढंच ऐकू येतं, की हिलाही माझं अंग लपवण्यासारखं वाटतंय. अंगाला सफरचंद, नासपती अशी फळांची नावं देण्याची पद्धतही आम्ही वापरत नाही. त्यातून माप कळत नाही, आणखी एक शिक्का मात्र बसतो.

त्याऐवजी सात दिवसांची वही दिली. रोज सकाळी चार गोष्टी लिहायच्या: कपाट किती वाजता उघडलं, काय घातलं, काय काढलं, आणि काढताना मनात आलेलं वाक्य. वाक्य जसंच्या तसं लिहायचं, सभ्य करून नाही. दुसऱ्या भेटीत ती वही उघडून त्यातली वाक्यं एकेक करून कापडाच्या भाषेत सांगायची. हीच या कामाची किल्ली.

वहीत होतं, “माझे दंड केवढे जाड झालेत.” कापडाच्या भाषेत त्याचं झालं, “बाही दंडावर एक इंच कमी पडते.” “पाठ म्हशीसारखी झालीय” याचं झालं, “हात पुढे केला की मागे दोन मुंढ्यांच्या (बाही जिथे जोडतात त्या शिवणींच्या) मध्ये कापड ताणतं.” “सीट बघवत नाही” (सीट म्हणजे नितंबांचा भाग) याचं झालं, “बाजूचा कट मिटलेला राहत नाही, उलट्या व्ही-सारखा फाकतो.” सात दिवसांत १९ वाक्यं लिहिली होती, त्यांतली १४ अशी इंचात उतरली. उरलेली पाच उतरली नाहीत. खरं समुपदेशन त्या पाचांचं होतं, पण १४ बाजूला निघेपर्यंत ती सापडलीच नसती.

इंचात उतरवायचं तर टेप हवी. माप घेताना बायका तीन चुका हमखास करतात: जाड कपड्यांवरून मोजतात, पोट आत ओढतात, आणि एकट्याने मोजल्यामुळे टेप पाठीवर खाली घसरते. मुलीला किंवा बहिणीला मदतीला घ्यावं, अंगात रोजची ब्रा आणि पातळ स्लिप असावी, श्वास नेहमीसारखा चालू ठेवावा. ताईंची मापं आली ती अशी: छाती ४१, कंबर ३७, सीट ४४, दंड साडेचौदा. आणि कपाटातले बहुतेक कुर्ते शस्त्रक्रियेच्या आधी घेतलेले, तयार छाती (म्हणजे अंगाचं नव्हे, शिवलेल्या कुर्त्याचं माप) ३९-४०. न ताणणाऱ्या सुती कापडाचा कुर्ता अंगापेक्षा छातीत तीन ते साडेतीन इंच आणि सीटला तीन-चार इंच मोठा लागतो, नाहीतर बसता-उठता ओढतो. म्हणजे ताईंना तयार छाती ४४, सीट ४७-४८ आणि बाही दंडावर सोळा. आकडे कागदावर पाहून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी चार-पाच इंच लहान कपड्यात दीड वर्ष काढलं?”

काढलं होतं. शिवाय ऑनलाइन सेलमध्ये दर वेळी ‘एक्सएल’ मागवला होता. एका कंपनीच्या एक्सएलची तयार छाती ४२, दुसरीची ४६. साइज चार्टमध्ये एक गोम असते. काही ठिकाणी अंगाचं माप दिलेलं असतं, काही ठिकाणी कपड्याचं, आणि कुठलं दिलंय ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सरळ उपाय असा: आपला सगळ्यांत बरा बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसरायचा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. २२ इंच आलं तर ४४. ही संख्या कपड्याच्या मापाशी जुळवायची, एक्सएल-डबल एक्सएलकडे बघायचंच नाही.

मग कपाट. सगळे कपडे एकदम पलंगावर काढण्याचा सल्ला जिकडेतिकडे मिळतो, पण उदास मनाच्या बाईने तो पाळू नये. अर्ध्यात दम संपतो, रात्री झोपायला पलंग हवा असतो आणि ढीग कोंबून परत आत जातो. वर “हेही मला जमलं नाही” याची भर. एका वेळी एकच कप्पा घ्यावा, जास्तीत जास्त ४० मिनिटं, दिवसाच्या उजेडात आणि पोटात काही असताना. रविवारी रात्री तर नकोच. ताईंकडे ६४ कुर्ते होते, आलटून पालटून अंगावर येत होते नऊ. तीन ढीग केले: आज होतात ते, शिंप्याकडे नेले तर होतील ते, आणि होत नाहीत ते. तिसऱ्या ढिगाचं काय करायचं यावर वाद घालत बसू नये. बॅगेत भरून, चिठ्ठीवर तारीख लिहून माळ्यावर. रोज सकाळी कपाट उघडल्यावर जुन्या मापाने आपल्याला टोमणा मारू नये, इतकाच हेतू. द्यायचे की ठेवायचे हे सहा महिन्यांनी ठरवता येतं.

दुसऱ्या ढिगाचं काम जरा तपशिलात सांगायला हवं, कारण इथे पैसे वाया जातात. शिंप्याकडे आठ कुर्ते एकदम टाकू नयेत. एक द्यावा, घालून बघावा, मग बाकीचे. नेण्याआधी घरीच कुर्ता उलटा करून आत दाब (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) किती आहे ते पाहावं. प्रत्येक बाजूला एक इंच दाब असेल तर अर्धा इंच सोडता येतो, आणि पुढचा-मागचा भाग मिळून दोन्ही बाजूंचे एकूण दोन इंच वाढतात. पण बाजू उसवली आणि बाहीची काखेतली टीप तशीच ठेवली, तर काखेत चुण्या पडतात. म्हणून बाहीही तेवढीच सोडायला सांगावी. सुती कापडावर जुन्या टिपेच्या सुईची छिद्रं धुण्या-इस्त्रीत बहुधा बुजतात, रेशमावर ती दिसत राहतात. दाबच नसेल तर काखेत चौकोनी तुकडा लावून घ्यावा. तुकडा ओढणीतून किंवा कुर्त्याच्या खालच्या दुमडीतून निघतो.

आणि मुंढा. “मुंढ्यात घट्ट होतंय” म्हटलं की अनेकजण मुंढा खाली खोल करून देतात. उभं असताना मोकळं वाटतं. पण हात वर केला की अख्खा कुर्ता वर उचलला जातो, कारण बाही आता काखेपासून दूर, खाली जोडलेली असते. बसमध्ये वरचा दांडा धरणारीला याचा अनुभव असतो. मुंढा काखेच्या जवळच ठेवून बाहीची रुंदी वाढवायची, ताण पाठीत असेल तर पाठ वाढवायची. शिंप्याला हे शब्द सांगता आले, की “बाई, तुमचं अंगच तसं आहे” हे ऐकून घ्यावं लागत नाही.

नवं शिवायचं तर ताईंच्या मापाला ४४ इंच लांबीच्या कुर्त्यासाठी ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड अडीच मीटर पुरतं, छत्तीसच्या पन्ह्याला तीन घ्यावं. सुती कापड आधी पाण्यातून काढून वाळवावं, नाहीतर पहिल्या धुण्यातच बाही आखूड होते आणि दोष पुन्हा दंडावर जातो. मेन रोडला किंवा कॉलेज रोडला तयार कपडे घेतानाही ट्रायल रूममध्ये नुसतं आरशात बघून बाहेर येऊ नये. स्कूटीचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करून पाहावं, खाली बसून पाहावं. नाशिकचा एप्रिल चाळिशीला टेकतो आणि डिसेंबरच्या पहाटे हात गारठतात, त्यामुळे स्कूटीवाल्या बाईला उन्हाळ्यात जॉर्जेट-पॉलिस्टर घामाने चिकटतं, आणि हिवाळ्यात स्वेटर आत जाईल एवढी बाही लागते. ओढणी मोकळी सोडून गाडी चालवू नये. ती मागच्या चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. गाठ मारून पाठीमागे बांधावी किंवा सरळ डिकीत ठेवावी.

आठवड्याच्या पाच दिवसांचे पाच कुर्ते, दोन पँट आणि एक सलवार शनिवारी इस्त्री करून क्रमाने टांगायची, एवढंच ताईंचं वेळापत्रक ठरलं. सकाळची ३५ मिनिटं दहावर आली.

आता ती उरलेली पाच वाक्यं. “माझ्याकडे कुणी बघू नये.” “आतून रिकामी झाले.” “आधीची मी छान होते.” यांना इंच नाहीत. शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांनी ‘सुटलीस कटकटीतून’ म्हटलं, पण ताईंना त्याचं दुःख झालं होतं आणि ते कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या तीन भेटी त्यातच गेल्या. त्या काळात घरच्यांसाठी दोन गोष्टी केल्या. जाऊबाईंना द्यायचं उत्तर मोठ्याने म्हणून घेतलं: “मापात बसतं का तेवढं सांगा, वजनाचं राहू द्या.” मिस्टरांना एकदा बोलावून सांगितलं, की ‘छान’ हा शब्द महिनाभर बंद, दिसेल ते बोला. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “मागे टॅग बाहेर आलाय.” ताईंना त्याचं हसू आलं आणि बरंही वाटलं.

अशा तक्रारीत काही खुणा मात्र टेपवर सोपवून चालत नाहीत. दिवसातला तासाहून जास्त वेळ आरशात एकच दोष शोधण्यात जाणं, जेवण टाळणं किंवा खाल्लेलं मुद्दाम उलटून काढणं, दोन आठवडे सलग उदासी आणि कशातच रस नसणं, जगणं नकोसं वाटणं. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो. वजन थोड्या काळात बरंच वाढलं असेल तर डॉक्टरांकडून थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी. ताईंची आम्ही पहिल्याच भेटीनंतर करायला सांगितली होती. ती ठीक निघाली.

लग्नाचा प्रश्न ब्लाउजवर अडला होता. आईची येवल्याची पैठणी, तिचा ब्लाउज वीस वर्षांपूर्वीचा, आत दाब नाही. पैठणीच्याच कापडात जोड देण्यात अर्थ नव्हता, नवा खणाचा शिवून घेतला. खणाचा पन्हा लहान असतो, मोठ्या मापाला एकात भागत नाही, म्हणून आधीच दोन घ्यावेत. ब्लाउजला छातीत एक-दीड इंच सैल पुरतं, मात्र आत एक इंच दाब ठेवायला बजावून सांगावं. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिल्याने जरीचं काम तिथे चिरत चाललं होतं. घडी बदलून ती सुती कापडात गुंडाळून ठेवायला सांगितली.

शेवटच्या भेटीला ताईंनी वही पुन्हा आणली. ती लिहायची सवय लागली होती म्हणे. लग्नाचं पान होतं, त्यात जेवणाबद्दलच जास्त लिहिलेलं. त्याच्या पुढच्या सोमवारची नोंद अशी होती: ‘हिरवा कुर्ता. डावी बाही उजवीपेक्षा पाव इंच लांब. शिंप्याकडे.’