स्वसंरक्षण शाबीत कोणी करायचे?

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी बांधाच्या वादातून शेजारी कोयता घेऊन माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर आला. भावाने हातातली काठी मारली, त्यात शेजारी दगावला. खटला सांगलीच्या सत्र न्यायालयात आहे. आरोपीला निर्दोष धरतात, तर ‘स्वसंरक्षण तुम्हीच शाबीत करा’ असे आम्हाला का सांगतात?

उत्तर : आपल्याला सांगितले गेले ते अर्धेच खरे आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आपले कृत्य कायद्यातील अपवादात (स्वसंरक्षण हा असाच एक अपवाद) बसते हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. मात्र सरकार पक्षाला गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत करावा लागतो, तर आरोपीने आपले म्हणणे अधिक संभवनीय असल्याचे दाखवले तरी पुरते. त्यासाठी त्याने स्वतःचे साक्षीदार आणलेच पाहिजेत असेही नाही. सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतून, पंचनाम्यातून किंवा वैद्यकीय दाखल्यातूनही हा बचाव उभा राहतो. म्हणून भावाला त्या वेळी जखमा झाल्या असतील, तर त्यांचा दाखला वकिलांकडे आजच द्या.

हा फरक नीट न सांगितल्याने काय होते, ते नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात दिसले. तिथे बचाव अपघाताचा होता, पण अपवादाच्या शाबितीचा भार सत्र न्यायाधीशांनी ज्युरीला (दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) बरोबर समजावला नव्हता; ज्युरीचा निर्णय उच्च न्यायालयाने बाजूला ठेवला, त्यामागे हेही कारण होते आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. आता ज्युरी नाही, न्यायाधीशच कारणे लिहून निकाल देतात.

आपल्या प्रकरणात खरी कसोटी वेगळीच लागेल, असे मला वाटते. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ नुसार हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही स्वसंरक्षणाचा हक्क पोहोचतो. अंगावर कोयता येत असताना मारलेला घाव न्यायालय सोनाराच्या काट्यावर तोलत नाही. पण भीती संपली की हक्कही संपतो. शेजारी खाली पडल्यावर किंवा पाठ फिरवून निघाल्यावर आणखी घाव बसला होता का, हे शवविच्छेदनाच्या अहवालातील जखमांवरून पाहिले जाईल, आणि ते आपण वकिलांना आधीच खरे सांगितले पाहिजे.

‘मी तिथे नव्हतोच’ असे सांगण्याचा सल्ला गावाकडे सर्रास दिला जातो, तो कृपया ऐकू नका. स्वसंरक्षणाचा बचाव स्पष्टपणे घेतला नसला, तरी पुराव्यातून तो दिसत असल्यास न्यायालय विचारात घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितले आहे. तरीही आरोपीचा जबाब नोंदवला जाईल तेव्हा भावाने घडले तसेच सांगावे.