हनीकोंबला काय म्हणावं, पोळं, मोहोळ का जाळी?

प्रश्न असा आहे की एका ताईंकडे भाषांतराचं काम आलं, त्यात हनीकोंब हा इंग्रजी शब्द तीन ठिकाणी होता, एकदा मधाच्या बाटलीच्या लेबलवर, एकदा पुठ्ठ्याच्या पॅकिंगच्या माहितीत आणि एकदा बिल्डिंगच्या तपासणीच्या रिपोर्टात. त्यांनी डिक्शनरी पाहिली आणि तिन्ही ठिकाणी मोहोळ टाकून दिलं. काम परत आलं. ताई विचारतात, डिक्शनरीत तर हाच अर्थ आहे, मग चुकलं कुठे?

ताई, डिक्शनरी बरोबर आहे पण अर्धीच. मी नागपूरचा, तर आधी आमच्या कॉलनीतलीच गोष्ट सांगतो. पाण्याच्या टाकीखाली दरवर्षी आग्या माश्यांचं मोहोळ बसायचं, दीड-दोन हात लांब, आणि दुरून पाहिलं तर काळं कांबळं टांगल्यासारखं, मधूनच त्या कांबळ्यावरून एक लाट सरसर जायची. आजी अस्सल वऱ्हाडी, तिच्या तोंडात ळ चा य व्हायचा, ती म्हणायची "तिकडं नोको जाऊ रे, मोहोय बसलं हाये". मग एक दिवस सगळ्या माश्या उडून जायच्या, आग्याचं तसंच असतं, मोसम पाहून मुक्काम हलवतात, आणि टाकीला खाली नुसती तपकिरी मेणाची पाटी लटकत राहायची. त्याचा तुकडा पडला की आम्ही पोरं उचलायचो, पापडासारखा हलका, बोटानं दाबला की चुरा. त्याला आजी कधीच मोहोय म्हणायची नाही. ते पोयं. "रिकामं पोयं हाये थे, फेक."

सगळा फरक इथेच आहे. पोळं म्हणजे माश्यांनी बांधलेली वस्तू, आत माश्या असोत नसोत. मोहोळ म्हणजे माश्यांसकट, मधासकट, जिवंत. उलट पोळं गांधीलमाशीचंही असतं, पण गांधीलमाशीचं मोहोळ सहसा म्हणत नाहीत, कारण तिथे मध नाही आणि मोहोळातला मोह म्हणजे मधु, प्राकृतात ध चा ह होऊन मधुचं महु झालं तोच. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीकडचं मोहाचं झाड आहे ना, ते मधूक, म्हणजे तेही याच घरातलं. मोहमाया वाला मोह मात्र वेगळा, त्याचा मधाशी संबंध नाही, कितीही गोड वाटला तरी.

म्हणून लेबलवर मोहोळ चालून गेलं असतं पण बरोबर शब्द पोळं. पोळ्यासकट मध, असं सरळ लिहा. मधकोश वगैरे लिहिलं तर आयुर्वेदिक औषध वाटतं, माझ्या मते टाळा. एक गंमत सांभाळा फक्त, पोळ्याला, पोळ्यावर ही रूपं पोळं आणि पोळा दोघांच्यात मिसळतात, आणि नुसतं पोळ्या म्हटलं तर पोळीही मधे येते. आमच्याकडे "पोळ्याला दगड मारला" म्हटलं तर कोणी विचारेल, काऊन बे, बैलांनी काय केलं होतं? तेव्हा मधाचं पोळं असं पूर्ण लिहिलेलं बरं. आणि पाळलेल्या माश्यांचं असेल तर ज्या लाकडी डब्यात त्या राहतात ती मधपेटी, आत चौकटी, त्या चौकटीत माश्या बांधतात ते पोळं, त्यांना सुरुवात करून द्यायला लावतात तो मेणपत्रा. इंग्रजीत माश्यांच्या घराला हाइव्ह आणि आतल्या पोळ्याला कोंब असे दोन शब्द आहेत आणि आपण बोलताना दोन्हीला पोळं म्हणून मोकळे होतो, भाषांतरात तसं करू नका.

आता पुठ्ठा. तिथे हनीकोंब म्हणजे नुसता आकार, सहा कोनांचे खण एकाला एक चिकटून. तो आकार एवढा का गाजला, तर सपाट जागेचे सारख्या क्षेत्रफळाचे तुकडे पाडायचे असतील तर षटकोनात भिंत सगळ्यात कमी लागते, रोममधल्या वारो नावाच्या लेखकानं दोन हजार वर्षांपूर्वी याबद्दल लिहून ठेवलंय आणि गणितानं पक्की सिद्धता थॉमस हेल्सनी 1999 मध्ये दिली. सामान कमी, ताकद जास्त, म्हणून विमानाच्या पॅनलमध्येही तेच. इथे षटकोनी जाळीचा पुठ्ठा लिहा. मोहोळाचा पुठ्ठा वाचून माणूस खोका उघडायला घाबरेल.

तिसरा रिपोर्टवाला अर्थ सगळ्यात फसवा, कारण तिथे षटकोन बिटकोन काही नसतो. चुलतभावाच्या घराचं काम चालू होतं, मी गेलो त्या दिवशी कॉलमचं शटरिंग खोललं होतं आणि खाली वीतभर जागेत नुसती गिट्टी दिसून राहिली होती, मधे मधे बोट जाईल एवढ्या फटी. ठेकेदार म्हणे "हनीकोंब आलं साहेब थोडंसं, ग्राउट मारून देतो", म्हणजे फटींत पातळ सिमेंट भरून देतो. थोडंसं! माल हलवून बसवायचा व्हायब्रेटर नीट फिरवला नाही, नाहीतर शटरिंगच्या सांध्यातून सिमेंटचं पाणी निघून गेलं, किंवा सळ्या इतक्या दाट की माल खाली उतरलाच नाही, की हे होतं. मिस्त्री मात्र हनीकोंब म्हणत नव्हता, तो म्हणत होता "गिट्टी उघडी पडली, माल पोकळ बसला". ताई, तुमच्या रिपोर्टला मी हेच घेईन, काँक्रीट पोकळ राहणे, आणि इंजिनिअर लोक वाचणार असतील तर सरळ हनीकोंबिंग ठेवा, त्यांना तेच कळतं. असंच फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्येही हनीकोंबिंग लिहून येतं, फायब्रोसिस म्हणजे फुप्फुस घट्ट होत जाणं वाढलं की तिथे बारीक पोकळ्यांचे थर दिसतात त्याला. ते जाळीसारखं झालंय म्हणावं. पेशंटला "तुमच्या फुप्फुसात मोहोळ आहे" सांगून पाहा काय होतं ते.

म्हणजे बघा, इंग्रजी माणूस पोळ्याकडे पाहतो तर त्याला भोकं दिसतात, भिंती दिसतात, आणि त्याची उपमा तिथून निघते. आपल्याला त्यात आधी माश्या दिसतात. म्हणून आपल्याकडे आठवणींचं मोहोळ उठतं, प्रश्नांचं मोहोळ मागे लागतं, शांत बसलेल्या माणसाला छेडलं की आग्या मोहोळ उठवलं म्हणतात. यातल्या एकाही ठिकाणी इंग्रजीत हनीकोंब बसणार नाही, आणि त्यांच्या बहुतेक हनीकोंबच्या जागी आपलं मोहोळ बसत नाही. डिक्शनरी हे सांगत नाही, ती एकापुढे एक शब्द ठेवते बस.

कोणीतरी फणीबद्दल पण विचारलंय, की कोंब म्हणजे फणी तर मधाची फणी का नाही. शब्द तोच आहे, केसांच्या फणीचा. एकापाशी एक उभ्या लटकलेल्या पोळ्यांच्या ओळी फणीच्या दातांसारख्या दिसतात म्हणून, असा तर्क लावतात. मला तो पटतो कारण तिकडची माशी झाडाच्या ढोलीत अशी ओळीनं पोळी बांधते, आपली सातेरी नावाची छोटी माशी पण बांधते, पण ती आत लपलेली. आपल्या डोळ्यांसमोर उघड्यावर असतं ते आग्याचं, आणि ते एकच एक मोठं. त्यात फणी कोणाला दिसणार!

उच्चाराचं म्हणाल तर इंग्रजीत शेवटचा बी मुका आहे, हनीकोम. पण आमच्या नागपूरच्या बर्डीच्या बाजारात जाऊन हनीकोमचा टॉवेल मागितला तर दुकानदार कंगव्याच्या दुकानाकडे बोट दाखवेल, तिथे हनीकोंबच म्हणा, किंवा चौकडीच्या विणीचा म्हणा, लगेच काढून देईल.