संकलनाच्या टेबलावरून : ‘ओडिसी’च्या आधी नोलनवरून भांडण

होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या महाकाव्यावर बेतलेला क्रिस्टोफर नोलनचा ‘द ओडिसी’ 17 जुलै 2026 रोजी प्रदर्शित होतोय आणि त्याच्यावरून तुमच्यात चांगलीच जुंपली आहे, हे आलेल्या पत्रांवरून दिसतंय. एरवी या सदरात मी निरनिराळ्या विषयांवरची पत्रं घेते. या वेळी सगळी जागा नोलनला दिली आहे. मी 26 वर्षं चित्रपटांचं संकलन करते आहे, त्यामुळे माझं उत्तर फिरून फिरून एखाद्या कटपाशी येईल. मला चित्रपट तिथेच कळतो.

प्रश्न : आम्ही पाच मित्र. दोघांच्या मते नोलनसारखा दिग्दर्शक आज दुसरा नाही. दोघं म्हणतात, तो कोडी घालणारा गणिती आहे, डोक्याला काम देतो पण काळजाला हात घालत नाही. पाचवा मी. दोन्ही बाजूंचं पटतं आणि रात्री झोप येत नाही. नवा चित्रपट येण्याआधी निकाल लावा.

माझा कौल पहिल्या दोघांच्या बाजूने आहे, पण ते देत असतील त्या कारणासाठी नाही.

‘इंटरस्टेलर’मधला तो प्रसंग आठवा. पाण्याच्या ग्रहावर एक तास घालवला की पृथ्वीवर सात वर्षं जातात. कूपर आणि ब्रँड हे अंतराळवीर तिथे अडकतात, कसेबसे यानावर परततात. दार उघडतं आणि मागे थांबलेला सहकारी समोर उभा असतो. त्याची दाढी पिकलेली. तो सांगतो, 23 वर्षं गेली. संकलक म्हणून मी त्या जागी कितीदा थांबले आहे! मधली 23 वर्षं पडद्यावर नाहीतच. भराभर उलटणारी कॅलेंडरं नाहीत, मोठी होत जाणारी मुलं नाहीत. एक दार उघडलं आणि गेली. मग कूपर साठून राहिलेले निरोप एकामागून एक पाहतो. मुलगा मोठा होतो, त्याला मूल होतं, ते मूल जातंही. आणि शेवटी मुलगी दिसते. ती सांगते की तू गेलास तेव्हा जेवढ्या वयाचा होतास, तेवढी मी आज झाले. ज्यांना हे कोरडं वाटतं त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी आहे, कितीही वेळ.

या प्रसंगातलं गणित काढून टाका. सात वर्षांचा एक तास काढून टाका. मग उरतं काय? परगावी गेलेला बाप आणि रुसलेली मुलगी. दुःख आहे, पण असं दुःख आपण शंभर वेळा पाहिलंय. त्या गणितामुळे बापाचं काही तासांचं चुकणं मुलीच्या अख्ख्या तरुणपणाएवढं होतं. कोडं आणि काळीज ही दोन खाती नोलन वेगवेगळी ठेवतच नाही.

‘मेमेंटो’ (2000) घ्या. लिओनार्डला नवं काही लक्षात राहत नाही. रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात, कृष्णधवल प्रसंग सरळ क्रमाने, आणि एक पोलरॉइड फोटो हळूहळू उमटत असताना कृष्णधवलाचं रंगीत होतं, दोन धागे जुळतात. डोडी डॉर्न या संकलिकेला या कामासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. पुढे त्याच्या एका विशेष डीव्हीडीत सगळे प्रसंग सरळ क्रमाने पाहायची सोय दडवून ठेवलेली होती. मी ते पाहिलं. कथा तीच, नट तेच, संवाद तेच. पण लिओनार्डबद्दल मला काहीच वाटेना. उलट्या क्रमात प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला मीही त्याच्याइतकीच हरवलेली होते. हा माणूस कोण, माझ्या हातात ही बाटली कशी आली, मी का पळतोय? सरळ क्रमात मला सगळं माहीत होतं आणि तो एकटा पडला. त्या दिवशी मी माझ्या हाताखालच्या मुलांना म्हटलं, प्रसंगांचा क्रम ही सजावट नाही, लिओनार्डची वेदना त्या क्रमातच आहे.

तुमच्या मित्रांना ‘मेमेंटो’ पुन्हा दाखवा. मग झोप येईल.

प्रश्न : ‘टेनेट’ दोनदा पाहिला. गोष्ट सोडा, संवादच ऐकू येत नाहीत. माझे कान बिघडलेत की मिक्सिंग? मित्र म्हणतो, मोठ्या दिग्दर्शकाला असं विचारायचं नसतं.

विचारायचं असतं. कान ठीक आहेत तुमचे.

हे ‘टेनेट’पासून सुरू झालं नाही. ‘द डार्क नाइट रायझेस’ची सुरुवातीची काही मिनिटं आधी दाखवली गेली, तेव्हाच मुखवट्याआडचा खलनायक बेन काय बोलतो ते कळत नसल्याची ओरड झाली होती. ‘इंटरस्टेलर’लाही झाली. नोलनचं म्हणणं असं की माणसाचा आवाज हाही पडद्यावरच्या अनेक आवाजांपैकी एक आहे, आणि कधी कधी शब्दांपेक्षा तो प्रसंग कानावर कसा आदळतो ते महत्त्वाचं. शिवाय चित्रीकरणाच्या वेळी नट जे बोलला तेच ठेवायचं, नंतर डबिंग करायचं नाही, असा त्याचा कल.

यातली दुसरी गोष्ट मी मनापासून मानते. एकदा एका वयस्क अभिनेत्रीचा संवाद मागच्या पंख्याच्या घरघरीमुळे आम्ही स्टुडिओत पुन्हा घेतला. आवाज स्वच्छ आला, एकेक अक्षर कळलं. पण वाक्याच्या मधोमध तिचा श्वास अडकला होता, तो गेला. आम्ही चार तास तो श्वास पुन्हा आणायचा प्रयत्न केला. आला नाही. शेवटी पंख्यासकट जुनाच संवाद ठेवला.

पहिली गोष्ट मात्र मला ‘टेनेट’मध्ये पटत नाही. ‘ओपनहायमर’मध्ये पटते. तिथे अणुचाचणीचा उजेड आधी येतो आणि बराच वेळ नुसते श्वास ऐकू येतात, कारण आवाज प्रकाशाच्या मागून येतो. मग तो येतो आणि आपण खुर्चीत दचकतो. पुढे जल्लोष करणाऱ्या जमावासमोर ओपनहायमर भाषण करतो, तेव्हा टाळ्या बंद होतात आणि एक किंकाळी उरते. ते त्याच्या डोक्यातलं ऐकणं आहे, म्हणून मला त्यात शब्द हरवले तरी चालतात. ‘टेनेट’मध्ये पात्रं शिडाच्या बोटीवर वाऱ्यात ओरडून कथानकाचा कणा समजावून सांगतात आणि तो कणाच ऐकू येत नाही. ज्या गोष्टीला इतकं समजावून सांगावं लागतं, तिचं समजावणं तरी ऐकू यायला हवं. मी त्या मिक्सला चूक म्हणते.

प्रश्न : मुलगी म्हणते, नोलनच्या चित्रपटात बायका फक्त मरायला येतात. मी चिडलो, पण यादी करायला बसलो आणि गप्प झालो. तुम्हाला काय वाटतं?

तुमची मुलगी बरोबर आहे. ‘मेमेंटो’त बायको गेलेली. ‘द प्रेस्टिज’मध्ये एकाची बायको पाण्याच्या टाकीत बुडते, दुसऱ्याची गळफास घेते. ‘इन्सेप्शन’मध्ये नायक कॉबची बायको मॉल. ‘द डार्क नाइट’मध्ये बॅटमनची मैत्रीण रेचल. ‘इंटरस्टेलर’मध्ये कूपरची बायको गोष्ट सुरू होण्याआधीच गेलेली आहे. पुरुषाला अपराधी वाटावं म्हणून एक बाई मारायची, ही पटकथेची सवय आहे आणि इतक्या चांगल्या दिग्दर्शकाची असल्यामुळे ती जास्त खुपते.

अपवाद आहेत. कूपरची मुलगी मर्फ आहे. ‘इन्सोम्निया’तली तरुण पोलीस अधिकारी एली आहे, जी आपल्या आदर्शाचीच चौकशी करते, ती पटकथा हिलरी साइट्झची, नोलनची नाही, हेही बोलकंच. ‘ओपनहायमर’मध्ये त्याच्या बायकोला, किटीला, चौकशीच्या खोलीत एकच मोठा प्रसंग मिळतो आणि एमिली ब्लंट त्यात सगळ्यांना मागे सारते. जेनिफर लेमचं संकलन तिथे बघा : वकिलाचा प्रश्न संपायच्या आत किटीच्या चेहऱ्यावर उत्तर तयार असतं. पण तीन तासांच्या चित्रपटात असा एकच प्रसंग! मुलीशी भांडू नका.

प्रश्न : मी नोलनचा एकही चित्रपट पाहिलेला नाही. कुठून सुरुवात करू?

‘द प्रेस्टिज’पासून. मग ‘डंकर्क’, मग ‘इंटरस्टेलर’. त्यानंतर त्याचा पहिला, ‘फॉलोइंग’ (1998), जेमतेम 70 मिनिटांचा : नोकऱ्या करणाऱ्या मित्रांनी लंडनमध्ये आठवड्याच्या सुट्ट्यांना, सुमारे सहा हजार डॉलरमध्ये केलेला. पुढचं सगळं त्यात बीजरूपात दिसतं. ‘टेनेट’ शेवटी.

प्रश्न : ‘इन्सेप्शन’च्या शेवटी भोवरा पडतो की नाही, यावरून नवऱ्याशी पंधरा वर्षं वाद चालू आहे. एकदाचं सांगा.

भोवऱ्याकडे तुम्ही दोघं पाहताय, कॉब पाहत नाही. आयुष्यभर भोवरा फिरवून आपण स्वप्नात तर नाही ना याची खातरजमा करणारा माणूस तो टेबलावर ठेवतो आणि मुलांकडे निघून जातो. नोलननेही बोलताना हेच सांगितलंय, की कॉबला आता त्याची फिकीर उरलेली नाही.

प्रश्न : आजवर नोलनने स्वप्नं, अंतराळ, अणुबॉम्ब केले. आता अचानक होमर? राक्षस आणि देवता? हा त्याचा प्रांतच नाही, असं माझं ठाम मत आहे. तुमची उत्सुकता कशासाठी आहे?

मला वाटतं, तो इतकी वर्षं याच्याच आसपास घुटमळत होता. घरी परत जाऊ पाहणारा माणूस : कॉब, कूपर, ‘डंकर्क’च्या किनाऱ्यावरून पलीकडे घर जवळजवळ दिसत असलेले सैनिक. होमरचा नायक ओडिसियस दहा वर्षं ट्रॉयला लढला आणि परतायला त्याला आणखी दहा वर्षं लागली. कूपरची गोष्ट यापासून किती लांब आहे?

मूळ काव्य उघडलंत तर दुसरा धक्का बसेल. ते सरळ क्रमात नाहीच. एकूण 24 सर्ग, आणि पहिल्या चारांत ओडिसियस समोर येतच नाही. तिथे बापाची वाट पाहणारा मुलगा टेलेमाकस आहे. पाचव्यात ओडिसियस दिसतो तेव्हा सात वर्षं कॅलिप्सोच्या बेटावर अडकून समुद्राकडे बघत रडत बसलेला असतो. एकडोळ्या राक्षसाची गोष्ट, सर्की या चेटकिणीची गोष्ट, मृतांच्या लोकातली फेरी, हे सगळं नवव्या ते बाराव्या सर्गात तो स्वतः परक्या लोकांच्या दरबारात बसून सांगतो. आणि हा माणूस थापा मारण्यात वाकबगार म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे यातल्या बहुतेक गोष्टींना साक्षीदार फक्त तोच. लिओनार्डच्या अंगावर गोंदलेल्या नोंदी किंवा ‘द प्रेस्टिज’मधल्या दोन जादूगारांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या फसव्या डायऱ्या आठवल्या की नाही?

एकोणिसाव्या सर्गात तर कट आहे, अक्षरशः. भिकाऱ्याच्या वेशात घरी आलेल्या ओडिसियसचे पाय म्हातारी दाई धुते. तिचा हात मांडीवरच्या जुन्या व्रणाला लागतो. आता ती ओळखणार! आणि होमर तिचा हात तिथेच ठेवून आपल्याला ओडिसियसच्या तरुणपणी नेतो, रानडुकराच्या शिकारीत, जिथे ती जखम झाली. सगळं सांगून झालं की परत येतो आणि मग दाईच्या हातून पाय निसटतो, भांडं कलंडतं, पाणी सांडतं. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं हे संकलन मी शिकवताना दरवर्षी वाचून दाखवते. ही जागा नोलनच्या हाती पडणार, ही माझी पहिली उत्सुकता.

धास्तीही आहे. नोलनला घाई असते. त्याच्या चित्रपटात माणसं नुसती बसलेली फार थोडा वेळ दिसतात, आणि पार्श्वसंगीत त्यांना हाकलत राहतं. ‘ओडिसी’चा उत्तरार्ध म्हणजे मात्र ओळख पटण्याचे संथ प्रसंग. म्हातारा कुत्रा अर्गोस वीस वर्षांनी मालकाला ओळखतो, शेपूट हलवतो आणि मरतो. मालकाला त्याच्याजवळ जाताही येत नाही, कारण सोंग उघडं पडेल. तो अश्रू लपवतो. इथे तबला-ढोल-ऑर्गन काहीही वाजलं तर मला चालणार नाही.

आणि पेनेलोपी, म्हणजे तुमच्यातल्या त्या मुलीचा प्रश्न. मॅट डेमन ओडिसियस आहे, टॉम हॉलंड टेलेमाकस, अ‍ॅन हॅथवे पेनेलोपी. ही बायको मेलेली नाही. सासऱ्याच्या कफनाचं कापड दिवसा विणायचं आणि रात्री उसवायचं, असं करून तिने लग्नाला टपलेल्या पुरुषांना तीन वर्षं झुलवलं. नोलनच्या सवयीला पुरून उरेल अशी बाई त्याला होमरने आयती दिली आहे.

संपूर्ण चित्रपट आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित झालाय. हे कॅमेरे फार आवाज करतात, म्हणून जवळून बोलायचे प्रसंग आजवर बहुधा दुसऱ्या कॅमेऱ्यांवर घेतले जायचे. या वेळी तो आवाज दाबण्याची सोय करून दोन माणसांचं हळू बोलणंही त्याच भल्यामोठ्या फिल्मवर टिपलंय. मला त्यातला एक प्रसंग पाहायचाय, तेविसाव्या सर्गातला. नवरा समोर उभा आहे, पण पेनेलोपीचा विश्वास बसत नाही. ती सहज म्हणावं तसं दासीला सांगते, यांचा पलंग खोलीबाहेर काढून घाल. ओडिसियस उसळतो : तो पलंग हलेलच कसा, जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या झाडाच्या खोडातून मी तो स्वतः घडवलाय! हे त्या दोघांखेरीज फक्त दुसऱ्या एका दासीला माहीत असतं. तिचे गुडघे ढिले पडतात.

तो प्रसंग संगीताविना हवा, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर हवा, आणि त्यातला शब्द न् शब्द ऐकू यायला हवा.